झोपलेल्या कांद्यांच्या पाहणीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
ग्रामपरिषद कार्यालय, तल्खोब

विषय : घरामागील वाफा पडीक ठरवून विजेच्या ट्रान्सफॉर्मरसाठी घेतल्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचा पाहणी अहवाल, गेल्या उन्हाळ्यातला व यंदाचाही.

महोदय,

मी खाली सही करणारी ओयदिना, मरहूम सैदमुरोद यांची पत्नी, विनंतीपूर्वक कळविते की सदर वाफा पडीक नाही. त्यात अंझूर, म्हणजे आपल्याच डोंगरातला कांदा, लावलेला आहे. बी माझ्या पतीने खिंडीवरून आणून पेरले. हा कांदा खाण्याजोगा व्हायला वर्षे जातात. तो झाला, त्याच्या आदल्या हिवाळ्यात पती गेले.

अंझूरची पात वसंतात येते आणि उन्हे तापली की वाळून जाते. मग वर काहीच दिसत नाही. कांदा खाली झोपून राहतो. हे आपल्या कार्यालयात सर्वांना ठाऊक असावे, कारण त्याचे लोणचे सर्वच मिटक्या मारीत खातात. तरी पाहणी उन्हाळ्यातच ठेवली जाते. वसंतात यावे असा अर्ज केला, तर वसंतात रस्त्याची कामे असतात, असे उत्तर आले.

यंदा आपले लिपिक फरीदून आले. वाफ्याच्या कडेला उभे राहून मावशीच्या नात्याने म्हणाले, "खाला, इथे नुसती माती आहे. मी लिहू तरी काय?" मी एक कांदा उकरून हातात दिला. "हा बाजारातलाही असेल. आणि एका कांद्याने वाफा भरत नाही, खाला." मुलगा वाईट नाही. चहा घेतला, लोणच्याची बरणी नेली आणि अहवालात 'रोपे आढळली नाहीत' असे लिहिले.

पती गेले तेव्हा मला रडू आले नाही. अजूनही येत नाही. काही वाटतच नाही, असे सांगितले की शेजारणी दुसरीकडे बघतात. फक्त पात वर आली की मी तिच्याजवळ बसत असे, तेवढा वेळ बरे वाटे. वाफा त्यासाठी हवा होता.

पुराव्याविना अर्ज विचारात घेता येणार नाही, असे आपले अखेरचे पत्र मिळाले. त्यानुसार काल मी सर्व कांदे उकरून काढले. पतीने ओळी सरळ धरल्या होत्या, शोधावे लागले नाही. आता वाफ्यात खरोखरच काही नाही. आपला अहवाल बरोबर झाला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार उरलेली नाही.

मात्र जमीन गोठायच्या आत हे कांदे मातीत जायला हवेत, नाहीतर ते उठणार नाहीत. कबरस्तान आपल्याच अखत्यारीत येते. तिथे पतीच्या उशाशी ते लावण्याची परवानगी द्यावी. आणि वर काही दिसत नाही म्हणून ती जागा पडीक ठरवली जाणार नाही, एवढे लेखी द्यावे.

आपली नम्र,
ओयदिना
तल्खोब, ११ ऑक्टोबर

सोबत :
आधीच्या अर्जाची प्रत.
वाफा, एका पोत्यात.