हिरा पाटील, माहेरची भोईर

प्रिय आई,

काल तुझ्या माहेरी, बोनकोड्यात, मुलींच्या कबड्डीच्या हॉलवर तुझं नाव लागलं. तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहायला बसलेय.

तू कधी बोलली का नाहीस गं? लग्नाआधी तू तिथली नावाजलेली खेळाडू होतीस, हे मला तुझ्या तेराव्याला कळलं. तुझ्याबरोबर खेळलेली कुंदामावशी म्हणाली, "हिरा भोईर चढाईला निघाली का समोरच्या पोरी मागं सरायच्या." सानपाड्याच्या घरात तर तू आम्हाला कधी धावतानाही दिसली नाहीस.

हॉलला तुझं नाव द्यायचं गावच्या मंडळानं ठरवलं आणि बैठकीतच भांडण लागलं.

मामा म्हणाला, "हिरा भोईरच लिवायचं. पाटील बोललं तं गावात कोन वलखनार?"

काका उठून उभे राहिले. "आमच्या घरात तिनं जन्म काढला, तो काय फुकट? पाटील नसंल तं पाटीच नको."

अध्यक्ष कंटाळून म्हणाले, मग दुसरं नाव शोधू.

तेव्हा मी बोलले. खारघरच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते, त्यातला एक शब्द सांगितला: 'ने', née. मूळ फ्रेंच, अर्थ 'जन्मलेली'. इंग्रजीनं तो उचलला आणि बाईच्या दोन आडनावांच्या मध्ये ठेवला. आधी सासरचं, मग जन्माचं. एकही पुसायचं नाही.

"आता फ्रेंच कशाला आनलं मधी?" काका म्हणाले.

"काका, तुम्ही हॉटेल चालवता ना? तो शब्दही फ्रेंचांचाच."

मामाला हसू आलं. "मंग सरल बोल ना, म्हायेरची."

"तेच. वर मराठीत माहेरची, खाली इंग्रजीत ने."

काका पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "दोनी नावां रातात ना? मंग लिवा."

तरी पाटीवाल्याचा फोन आलाच. "मॅडम, पहिल्या 'ई'च्या डोक्यावर तिरकी रेघ आलीय, मिस्टेक आहे का?" मी म्हटलं, ती राहू दे, शब्द त्याच रेघेसकट आलाय.

काल काका आणि मामानं मिळून पडदा ओढला. मैदानातल्या पोरींनी पाटी मोठ्यानं वाचली, मग पुन्हा वाचली, मग त्याची घोषणाच झाली. कुंदामावशी त्यांच्यात उभी राहून ओरडत होती. आई, तू हे बघायला हवी होतीस. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कशाचाही वाटला नव्हता.

यापुढे कुणी विचारलं, "कुनाची गो तू?" तर तुझं नाव दोन्ही आडनावांसकट सांगेन. एका दमात.

तुझी लेक,
सुजाता