उसवून पाहिलेली गादी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. रोज उद्या लिहू म्हणत ते खिशात घेऊन हिंडलो आणि शेवटी ते शर्टाबरोबर धुतलं गेलं. पण वाचलं होतं, शपथ! बाबा सकाळी हुकासारखे वाकून उठतात, दिवसभर पेंगतात, आणि परवा कोटाला डावी बाही उजवीकडे लावून बसले. शिंपीकामाच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हे वाचून मी हसलो नाही. (हसलो, पण थोडंच.)

गादी बदलायलाच हवी. विचारलंस ते योग्य माणसाला, कारण बोट, बाग, बेकरी असं सगळं करून मी सध्या गाद्यांच्या दुकानात टिकलोय. आमच्या मालकीणबाई म्हणतात, तळहातानं दाबून गादी घेतो तो फसतो. तळहात काही झोपत नाही. पंधरा मिनिटं कुशीवर पडायचं. मग उताणं होऊन कमरेखाली हात सरकवायचा. आरपार गेला तर गादी कडक, अडकला तर फार मऊ, घासत गेला तर आपली. उशी घरचीच न्यायची. इथे एक बाई उशीऐवजी मांजर घेऊन आल्या होत्या. मांजराला स्प्रिंगची पसंत पडली, बाईंना नाही, मग काय झालं ते… असो, ते पुन्हा कधीतरी.

एक गुपित. इथल्या खोळी मीच शिवतो. माझी टीप म्हणजे दारू प्यायलेल्या मुंगीची वाट, असं बाबा म्हणाले आणि मी पिशवी उचलली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. त्यांना कळू देऊ नकोस, हसतील.

हवं तितकं रागव, पण लोभ पातळ करू नकोस.

तुझा,
भिंगरी


१५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सोळा दिवसांत उत्तर म्हणजे तुझ्या मानानं तारच आली म्हणायची.

बाबा दुकानात चारचौघांत आडवे व्हायला तयार होईनात. म्हणे, लोकांसमोर आडवा होतो तो मेलेला माणूस. शेवटी मीच पडले, हात सरकवला, गादी आणली. दुसऱ्या दिवशी शाळेतून शिकवून घरी येते तो बाबा गादीची एक बाजू उसवून बसलेले! अस्तर न बघता कोट घेऊ नये, मग गादी कशी घ्यावी, असा वर मलाच सवाल. आत काय निघावं? वर दोन बोटं फोम, खाली नुसत्या चिंध्या, आणि कुणाच्या तरी पायजम्याची नाडी. बाबा इतके खूश मी वर्षात पाहिले नव्हते.

मग त्यांनी ती इतकी बेमालूम शिवली की दुकानदार मुकाट्यानं परत घेत होता. पण यांना राहवेल तर ना! बोट ठेवून दाखवलं, ही बाजू माझी, बाकीच्या तुमच्या, फरक बघा. झालं, उसवलेली गादी तो कशाला ठेवून घेतोय? आम्ही तिघं घरी परत आलो, बाबा, मी आणि गादी.

चिंध्यांवर निजायला बाबा तयार नाहीत, म्हणून आता पुन्हा तीच जुनी, मधे खड्डा पडलेली. झोप नाहीच. म्हणतात, बाही चुकणाऱ्या शिंप्यानं दुकान उघडं ठेवू नये. हातातला कोट झाला की मशीन कायमचं झाकून ठेवणार. मला भीती वाटते रे. मशीन थांबलं तर या माणसानं करायचं काय?

तुझं गुपित मी फोडलं नाही. पण तुझं पत्र बाबांच्या उशीखाली सापडलं, घड्या पडून पडून मऊ झालेलं. मी ते होतं तसंच परत ठेवलं.

जिथे असशील तिथे वेळेवर जेव, आणि आमची आठवण ठेव.

तुझी,
ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या खेपेला अकराच दिवस. माझी प्रगती कुठेतरी लिहून ठेव.

बाबांना सांग, ब्लेड नको. चांगल्या गादीच्या खोळीला चेन असते, हवं तेव्हा पोट उघडून बघावं. इथे खिडकीजवळ एक आहे. खाली काथ्या, वर चार बोटं लेटेक्स, ना दगड ना लोणी. पाठवली असती, पण न निजता गादी घेणं म्हणजे माप न घेता शर्ट शिवणं. आणि ते कसले येतात? आठ तासांचा प्रवास, आणि शेवटी भेटणार कोण, तर मी.

थांब, दुकानात कुणीतरी आलंय.

(पाऊण तासानं.) ताई, बाबा आलेत! काखेत उशी! तुला सांगून निघालेत, की उशी दिसेना तेव्हा तुला कळलं?

मला न बघितल्यासारखं करून सरळ खिडकीकडे गेले. चेन उघडली, कोपरापर्यंत हात घातला, वास घेतला. मग खोळीच्या टिपेवर अंगठा ठेवून गादीभोवती एक चक्कर मारली. तिसऱ्या कोपऱ्यात थांबले. माझा जीव अर्धा! म्हणाले, इथे दोरा सैल धरलास. बाकीच्या तीन कोपऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. ताई, बाकीच्या तीन!

मग चपला काढल्या, उशी मांडली आणि चक्क चारचौघांत आडवे झाले. पंधरा मिनिटांनी उठव म्हणाले, कोटाच्या बाह्या लावायच्यात, आणि त्यामागे आणखी दोन शर्ट पडलेत. त्याला आता अर्धा तास झाला. मालकीणबाईंनी दारावरची पाटी 'बंद' अशी फिरवलीय. घोरणं रस्त्यापर्यंत जातंय.

मी काही उठवत नाही. सुई घेऊन त्यांच्या पायाशी बसतो, तिसरा कोपरा हळूच उसवायचाय.

तुझ्या लोभातला वाटेकरी,
भिंगरी