सपाट बुडाची नाव

बाबा, परवा आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, की संथ पाण्यात मासे धरायला छोटी, परवडणारी नाव घ्यायची तर काय बघून घ्यावी. त्यांनी शहराबाहेर जमीन घेतली आहे, तिथं तळं आहे, आणि निवृत्तीनंतर तिथं गळ टाकून बसायचा बेत आहे. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते हेच विचारतात, त्यामुळे माझी निवड झाली असं समजायचं कारण नाही. पण उत्तर मात्र मी दिलं, आणि ते खाली गेटपाशी अर्धा तास चाललं. लाटा नसतील तर टोकदार नाव कशाला, बूड सपाट आणि रुंद हवं, म्हणजे मासा ओढताना माणूस एका बाजूला वाकला तरी ती कलत नाही. लांबी दहा फुटांच्या आत ठेवा. दोन माणसांना उचलून काठावर घेता आली पाहिजे, नाहीतर ती पाण्यातच राहते आणि पाण्यात राहिलेली नाव कुजते. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तुमच्याकडे नाव होती वाटतं?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांची होती." हे इतक्या सहज तोंडातून गेलं की घरी येईपर्यंत मला त्यात काही खटकलंच नाही. नंतर खटकलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेतलीत तेव्हा बावन्न वर्षांचे होतात. मी आज त्याहून मोठी आहे. तुमचा पंपांचा सरकारी कारखाना तेव्हा माणसं कमी करत होता, बाहेरचे पंप स्वस्तात यायला लागले होते, आणि जे आपणहून जातील त्यांना एकरकमी पैसे मिळणार होते. सव्वीस वर्षं तुम्ही तिथं तपासनीस होतात. प्रत्येक पंपाच्या पोटात पाणी भरायचं, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि कागद भिजतो का ते बघायचं. कागद कोरडा राहिला तर पांढऱ्या खडूची खूण, भिजला तर लाल. बरोबरीच्या लोकांनी आलेल्या पैशात कुणी रिक्षा घेतली, कुणी एसटीडीचं बूथ टाकलं. तुम्ही जेवताना आईला सांगितलंत की मला एक नाव घ्यायची आहे. आई म्हणाली, "नळाला एक दिवसाआड पाणी. घागरीसाठी माझा जीव चाललाय, आन् ह्यांना नाव पायजे!" मी हसले. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "कामून हसायलीस? लई मोठी नाय म्हणत मी."

तुम्हाला पोहता येत नव्हतं. नांदेडकडच्या आपल्या गावात सगळी पोरं विहिरीत पोहायला शिकायची, आणि ती विहीर आपल्यासाठी नव्हती. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही रागानं नाही, जशी एखाद्या यंत्राची अडचण सांगावी तसं. तुमची आई काठाच्या खाली उभी राहायची आणि वरून कुणी ओतेल ते पाणी घागरीत घ्यायची. "पाण्याच्या मधोमध बसायचंय मला एकदा," तुम्ही म्हणालात. "चारी बाजूनी पाणी, आन् कुणी ऊठ म्हणणारं नाय." मासे हे त्याच्यानंतर आलं. बावन्न वर्षांच्या माणसाला पाण्याच्या मधोमध बसण्यासाठी काहीतरी कारण लागतं, म्हणून गळ.

मग तुमची नावेची निवड सुरू झाली. कोठी भागातल्या फुटपाथवरून तुम्ही नावांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलंत आणि शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचलंत. पुस्तक समुद्राचं होतं. त्यामुळे काही दिवस तुम्ही आम्हाला भरती-ओहोटी समजावून सांगत होतात. नंतर आपण दोघं सिकंदराबादला फायबरची नाव बघायला गेलो. ती पांढरीशुभ्र, टोकदार, आणि किमतीनंही टोकदारच होती. तुम्ही तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलीत आणि दुकानदाराला विचारलंत की हिला भोक पडलं तर दुरुस्त कोण करणार. तो म्हणाला, मद्रासहून माणूस येईल. तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत आणि आपण बाहेर येऊन चहा घेतला. टोपलीसारख्या गोल होड्या असतात, त्याही तुम्ही बघितल्यात. त्या सगळ्यात स्वस्त, पण तुम्ही एकीत बसताच ती काठाजवळच गिरक्या घ्यायला लागली आणि तुम्ही दोन्ही हातांनी कड धरून म्हणालात, "हे आपलं काम नाय."

गंडीपेटच्या पलीकडच्या एका तळ्यावर तुम्हाला तो कोळी भेटला. स्वतः नावा बांधायचा, आणि तिथल्या कोळ्यांच्या सोसायटीत त्याचा शब्द चालायचा. तुम्ही पुस्तकातलं टोकदार नावेचं चित्र त्याच्यापुढं धरलंत. त्यानं ते उलटं-सुलटं करून पाहिलं. "साब, ये दर्या की है. यां पानी ठैरा हुआ है. ठैरे पानी कू नोक काय कू होना? पेट होना. सपाट पेट." तुम्हाला ते लगेच पटलं, आणि पटल्यावर तुम्ही तुमच्या कामाला लागलात, म्हणजे काठावर असलेली त्याची एक तयार नाव दोन टोकांना विटांवर ठेवून तिच्यात बादल्यांनी पाणी भरायला सांगितलंत. तो बघतच राहिला. "जनम से इदरिच हूँ मैं. नाव के अंदर पानी भरने वाला आदमी पैली बार देखरौं. पानी भायर रैता, साब!" तुम्ही म्हणालात, "पानी पानीच है. रस्ता मिला तो जाता." खाली वर्तमानपत्र पसरलं गेलं. नाव काठोकाठ भरल्यावर तिचं पोट भारानं खाली आलं, मधली फट उघडली, आणि कागद भिजला. भिजणारच होता. त्या दिवशी दुपारभर तुम्ही त्याच्याबरोबर बसून फटीत सुताची वात ठोकत होतात, वर डांबर लावत होतात, आणि तीन-तीनदा सांगत होतात, "गलती मेरी है. टेकू चार होना था." तो सुरुवातीला चिडला होता. संध्याकाळी त्यानंच तुम्हाला चहा दिला आणि म्हणाला, "तुमारे वास्ते नई नाव बांधतौं. चार टेकू पे भरना, आधाच पानी भरना, फिर लेना."

इथं मला दुसरीच गोष्ट आठवते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आईनं मला तूर निवडायला दिली होती आणि मी खेळायच्या नादात न बघताच ताट तिच्याकडे सरकवलं. रात्री वरणात तुमच्या दाताखाली खडा आला. तुम्ही ओरडला नाहीत. खडा धुऊन माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "न बघता हो म्हणलीस. ही चोरी हाय." तेव्हापासून मी बघते. नोकरीत माझं नाव झालं ते याच्यावरच. पण बघूनही खोटं सांगणाऱ्याचं काय करायचं, ते तुम्ही कधी शिकवलं नाहीत. तसं कुणी करेल हे तुमच्या डोक्यात आलं नसावं.

नाव बांधून झाली तेव्हा तुमच्या पायाला जखम होती. साखर वाढली होती आणि डॉक्टरांनी दोन आठवडे पाय खाली टेकवायचा नाही असं सांगितलं होतं. तुम्ही पलंगावरून मला सगळं समजावलंत, चार टेकू, निम्मं पाणी, खाली कोरडा कागद, तासभर थांबायचं. वर्तमानपत्राची घडीही तुम्हीच घालून दिलीत. मी मोपेडवरून गेले. नाव बघून मला पहिल्यांदा हसू आलं, इतकी ती साधी होती. परातीला दोन टोकं काढावीत तशी. कोळ्यानं आणि त्याच्या बायकोनं न सांगता चार टेकू लावले होते. आम्ही पाणी भरलं. मी घड्याळ लावून तासभर बसले. मग वाकून कागद काढला. कागद कोरडा होता, बातम्यांची शाईसुद्धा पसरली नव्हती. कोळ्यानं विचारलं, "क्या बोलती बेटी, पास?" मी म्हटलं, "अब्बा कू पूछ के बताती."

घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं की डाव्या बाजूच्या फटीतून पाणी झिरपतं. कागद दाखव म्हणालात, तर मी म्हटलं तो भिजून फाटला, टाकून दिला. मला वाटलं, आता म्हणाल की डांबर लावून घेऊ, फट म्हणजे काय मोठी गोष्ट. पण तुमच्या कारखान्यात दुसऱ्यांदा बांधलेला नग पुन्हा गळला की तो भंगारात जायचा, आणि तुम्ही घरी असलात तरी कारखान्यातच होतात. तुम्ही वही मागवलीत आणि लिहिलंत: नापास. तपासणी करणार, याच्यापुढं माझं नाव. मग म्हणालात, "बरं झालं तू गेलीस. मी गेलो असतो तर माझ्या मनानं तिला पास केली असती." तुम्ही आयुष्यात माझं तोंडावर कौतुक केलंत ते बहुतेक एवढंच.

का केलं, हे मी पुढं सगळ्यांना एकाच पद्धतीनं सांगत आले. बाबांना पोहता येत नव्हतं, पायाला जखम, साखर, उगीच जिवाला घोर नको. आईला ते पटलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या दिवशी पुरणपोळी केली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, दवाखान्यातल्या पलंगावर, पाण्याशी काही संबंध न येता, तेव्हाही मी स्वतःला तेच सांगितलं. खरं कारण मला त्या दिवशीही माहीत होतं. मला नव्या खाजगी कंपनीत नोकरी लागून चार महिने झाले होते. गार हवेचं ऑफिस, पुण्या-मुंबईहून आलेली मुलंमुली, सगळ्यांचे वडील प्रोफेसर नाहीतर डॉक्टर. तुमचे काय करतात, असं विचारल्यावर मी म्हटलं होतं, इंजिनिअर होते, आता सल्लागार आहेत. आणि ही मंडळी दर दुसऱ्या रविवारी डबे घेऊन त्याच तळ्यावर जात होती. अजून काही घडलं नसतानाही मला ते दिसत होतं. गुडघ्यापर्यंत लुंगी खोचलेले तुम्ही, डांबर माखलेली नाव, आणि तुम्ही काठावर मला बघून हात हलवता, मोठ्यानं हाक मारता. मला लाज वाटली, बाबा. पाण्याची भीती मला नंतर सुचली. तुमच्या आईला विहिरीपासून लांब ठेवणाऱ्यांना निदान आपण काय करतो ते ठाऊक होतं. मी तर तुमच्याच रीतीनं, तुमचाच कागद पसरून ते केलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. पत्ता नाही म्हणून, असं लिहिणं सोपं आहे. पण तुम्ही पलीकडच्या खोलीत बसलेले असता तरी मी ते दिलं नसतं. इतकं मला स्वतःबद्दल कळतं.

एक गोष्ट राहिली. वहीत नापास लिहिल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आपल्या गेटवर तो कोळी आला होता. तुम्ही आत पलंगावर पेपर वाचत होतात. तो म्हणाला, "साब नै आये. तबीयत ठीक है ना? एक जन मांगा था, मैं नै दिया. साब की है बोला." मी त्याला हळू आवाजात सांगितलं की साहेबांनी विचार सोडून दिला. ओल्या गोणपाटातला मासा त्यानं माझ्या हातात दिला. "ये साब कू देना. बोलना उसीच नाव में बैठ के पकड़ा." आईनं त्याचा तिखट रस्सा केला. कुठला मासा, असं तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, बेगम बाजारातला. तुम्ही म्हणालात, "बाजारातला वाटंना. लई ताजा हाय," आणि आणखी एक तुकडा मागून घेतलात. तो मी वाढला.