फाल्गुनातलं परस

हिमायतनगर
फाल्गुन

प्रिय ऋतुजा,

लातूरला ऊन वाढलं असेल. इथंही दुपारी पाखरू हलत नाही. फोनवर मी 'जेवलीस का, शाळेतली नोकरी कशी चाललीय' याच्या पुढं जात नाही, हे तुलाही कळलं असेल. बोलायला गेलं की तोंडात कापूस कोंबल्यासारखं होतं. म्हणून लिहायला बसले.

आमचं बरं आहे. बरं म्हणजे, स्वयंपाक होतो, जेवण होतं, दिवस मावळतो. सत्यम गेल्यापासूनची ही दुसरी होळी. गेल्या वर्षी पुरण शिजवलं नव्हतं, यंदा शिजवलं. ह्यांनी खाल्लं, मीही खाल्लं. गोड होतं का, ते आठवत नाही.

परसाचं सांगते. लग्न झाल्यावर तू नि सत्यम माळावरून, रेल्वेच्या कडेनं रानफुलांचं बी गोळा करून आणायचात, ते सगळं उगवून आलंय. लोक गुलाब लावतात, माझ्या लेकानं रुई लावली, म्हणून मी किती हसायचे! तो म्हणायचा, "आई, श्रावणात समदंच फुलतं. फुलपाखरांचे हाल फाल्गुनात होतात. तवा फुलेल असं पाहिजे." आता रुई माझ्या खांद्याला लागलीय. खाली दगडीपाला, रिंगणीची जांभळी फुलं, कुंपणाला पिवळा धोतरा. सकाळी मी बादलीनं पाणी घालते. का घालते, ठाऊक नाही. हाताला सवय लागली. फुलं बघून मन हलकं होतं म्हणतात; मला काही वाटत नाही.

शेजारचे नरसिंगभाऊ ह्यांच्या मागं लागले होते, लई गवत माजलंय, साप निघेल. ह्यांनाही पटलं. एका सकाळी तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन हे परसात गेले. मी दारात उभी होते. अडवावं असंसुद्धा मनात आलं नाही. रुईपाशी जाऊन हे थांबले. पानांवर फुलपाखरांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या होत्या. बराच वेळ वाकून बघत राहिले अन् म्हणाले, "सिंधु, ह्या रुईबिगर दुसरं खात न्हाईत, म्हणायचा ना गं तो?" मी मान हलवून 'हाव' म्हटलं. ह्यांनी पंप उतरवला, तिथंच मातीत बसले आणि लेकरासारखे रडले. तो गेला तेव्हा दवाखान्यातही रडले नव्हते. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले. माझे डोळे कोरडेच.

मग स्वतःच जाऊन नरसिंगभाऊंना सांगून आले, "असू द्या. सापाचं मी बघतो." त्या संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आपण आपलंच दुःख धरून बसून राहिलो. सुनेचं पुढं काय, हे कधी इचारलंच न्हाई."

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. तुझ्या आईचा फोन आला होता. औशाचं स्थळ आलंय, मुलगा समजूतदार आहे, तुझ्याही मनात भरलाय; पण "सासरी मामींना कोणत्या तोंडानं सांगू" म्हणून तू अडून बसलीस, असं त्या म्हणाल्या. बाई, आता सांगायचं काही उरलं नाही. हो म्हण. आम्ही दोघांनी ठरवलंय, म्हणून लिहिते आहे. मला आनंद झाला का विचारशील तर खरं सांगते, सध्या मला कशाचंच काही होत नाही. पण तू एकटीच म्हातारी होऊ नयेस, एवढं लख्ख कळतं. लग्नाला आम्ही येऊ. पाहुण्यांत बसवू नकोस, मुलीकडच्यांत आमची जागा धर. तारीख ठरायच्या आधीच ह्यांनी नवा सदरा शिवायला टाकलाय.

तुझीच,
मामी