पहिली गोळी नीट लागली होती

वरसे, रोहा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. जगन यास,

महिपतीचा आशीर्वाद. सवयीने लिहून गेलो. पत्र वाचून झाल्यावर तो ठेवायचा की परत पाठवायचा, ते तू ठरव.

इकडे सगळं ठीक. थंडी सरत आली. वालाच्या शेंगा भरल्यात आणि माकडांना माझ्याआधी कळलंय. रोज सकाळी मी बांधावर उभा राहून टाळ्या वाजवतो आणि तुझी विमलवहिनी घरातून हसते, म्हणते, "येवढे हवालदार तुमी, अन् माकडांसमोर टाळ्या कसल्या वाजवताय?" तिचे गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे. आमचा अक्षय नागोठण्याला कंपनीत, शिफ्टवर. त्याचं बरं चाललंय.

तुझं पाकीट मिळालं. सुनावणीच्या नोटिशीची झेरॉक्स, आणि मागे पेनाने लिहिलेली तुझी एक ओळ: "दादा, तुम्ही आलात तर बरं होईल." सोमवारी १७ तारखेला, अलिबागला, तुझं लायसन पुन्हा द्यायचं की कायमचं रद्द करायचं, त्यावर सुनावणी. म्हणजे तू पुन्हा कमरेला रिव्हॉल्वर लावून बँकेच्या पैशांच्या गाडीवर ड्युटी करणार, की जन्मभर मिठागरावर उन्हात मीठ ओढणार, तेही त्याच दिवशी ठरणार. हे सगळं मला कळतं. ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर मी कसा आहे ते तुला माहीत आहे. सगुणा कशी आहे, पोरं काय करतात, पेणला गणपतीच्या कारखान्यांत यंदा काम कसं आहे, असं अर्धा तास बोललो असतो आणि "येतो रे, काळजी करू नको" म्हणून ठेवून दिला असता. शिवाय हे माझ्या अक्षरात असलेलं बरं. सुनावणीच्या साहेबांनी मागितलं तर तुला दाखवता येईल.

तर ऐक.

दोन हजार बावीसच्या दसऱ्यानंतरचा शनिवार. आपल्या सिक्युरिटी एजन्सीचा सालाबादचा सराव, पेणच्या पुढे डोंगराच्या पायथ्याचं फायरिंगचं मैदान. बारा गार्ड, आणि शिकवणारा मी, कारण मी लष्करात चोवीस वर्षं काढलेला. ते मी दिवसातून दोनदा सगळ्यांना ऐकवत असे. मॅनेजर नितेशसाहेब नवीन आलेले. त्यांच्यासमोर आठवडाभर आधी मी फुशारकी मारली होती की सरावाची काडतुसं मी निम्म्या किमतीत आणून दाखवतो. नेहमीची चांगली, सीलबंद, तारखेची काडतुसं सोडून मी एका दुकानातून जुना माल उचलला. डब्यांवरची तारीख पुसट, दोन डब्यांचा पुठ्ठा ओल लागून फुगलेला. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्याने मला माल दाखवूनच दिला होता आणि तोंडाने सांगितलंही होतं, "बघून वापरा." घेतला मी, माझ्या लायसनवर. आणि माझ्या लायसनवरची काडतुसं दुसऱ्याच्या हातात द्यायची नसतात, हे त्या बाराजणांपेक्षा मलाच जास्त माहीत होतं.

तू त्या दिवशी काय विचारलं होतंस, आठवतं? सहा काडतुसं तुझ्या तळहातावर ठेवली तेव्हा एक उचलून तू उजेडात धरलंस आणि हळूच म्हणालास, "दादा, ही सस्तातली गोली बंदुकीला बाधायची नाय ना? नवीन हाय माजी." आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असा हसलो. म्हणालो, "गोळीला काय तिची किंमत माहीत असते व्हय रे?" सगळे हसले. तूही हसलास.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर आज लिहितो. सव्वादोन वर्षं उशिरा. स्वस्त गोळीने बंदूक बिघडते का? बहुतेक वेळा नाही बिघडत. नळी जास्त काळी होते, जास्त घासावी लागते, गोळी इकडेतिकडे जाते, एवढंच. पण जुन्या, ओल लागलेल्या मालात एखादं काडतूस असं निघतं की आतली दारू पुरती पेटतच नाही. आवाज होतो तो फुसका. गोळी नळीतून बाहेर पडत नाही, मध्येच अडकून बसते. तेवढ्याने काही बिघडत नाही. तिथे थांबायचं, चक्री उघडायची, नळीत आरपार उजेड दिसतो का पाहायचं. न थांबता पुढचा चाप ओढला, तर मागची गोळी पुढच्या गोळीवर जाऊन आदळते आणि नळी फुगते, फाटते. तुझी फाटली. पत्र्यासारखी तिची कड उलटली आणि तुझ्या डाव्या अंगठ्याची नस कापून गेली.

तांदूळ नव्हता रे जगन. तांदळाचा एक दाणाही नव्हता.

सगळे धावले, तुझा हात फडक्यात गुंडाळला, नितेशसाहेब मला विचारायला लागले, "हवालदार, हे झालं कसं?" माझ्या खिशात त्या डब्याची पावती. मी तुझं रिव्हॉल्वर उचललं, नळी पाहिली. मुठीच्या बाजूला हळदीकुंकवाचा पुसट डाग राहिला होता, दसऱ्याचा. तो दिसला आणि माझ्या तोंडातून निघालं, "साहेब, घरी शस्त्रपूजा करतात हे लोक. बायकोने अक्षता टाकल्या असतील नळीत. साफ न करता आणली." हे लोक, असं म्हणालो मी. मीही तेव्हा दरवर्षी पूजा करत होतो, विमल करत होती.

आणि मी तर त्या दसऱ्याला तुमच्याच घरी जेवलो होतो. सगुणाने पाटावर रिव्हॉल्वर ठेवण्याआधी नळीच्या तोंडात कापसाचा बोळा घातला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आत काय जायला नको दादा, त्यांची रोजीरोटी हाय ती." दुसऱ्या दिवशी तू ते माझ्यादेखत घासूनपुसून ठेवलंस. मी तुला शाबासकी दिली होती.

आणखी एक. तुझी पहिली गोळी नीट लागली होती. निशाणाच्या कागदावर, काळ्या वर्तुळाच्या जरा डावीकडे, स्वच्छ भोक. नळीत तांदूळ काय, धोंडा असता तरी तो त्याच गोळीबरोबर गेला असता. म्हणजे पहिल्या गोळीनंतर नळी मोकळी होती, हे तो कागद बघून कुणालाही कळलं असतं. म्हणून तुला दवाखान्यात नेण्याच्या गडबडीत मी तो काढला आणि घडी घालून शर्टात सरकवला. तेव्हापासून माझ्या कपाटात आहे. या पत्रासोबत पाठवतोय. त्यावर तुझं नाव आणि तारीख माझ्याच अक्षरात आहे.

अहवाल मी लिहिला. "शस्त्राची निगा राखण्यात हलगर्जीपणा." माझ्या सहीवर एजन्सीने तुला काढलं, आणि त्याच कागदावरून तुझं लायसन अडकलं. पोरं तुला तांदूळवाला म्हणायला लागली तेव्हा मी त्यांना ओरडलो. बघ, किती चांगला माणूस.

इथपर्यंत लिहून मी उठलो, चहा घेतला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. वाटलं, एवढं पुरे, सही करावी. विमलला वाचून दाखवलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती वालाच्या शेंगा सोलत होती, हात थांबले. मग म्हणाली, "दुसरा बार फुसका निघाला, तवा तुमी कुठं होता?"

हवालदाराची बायको आहे. चोवीस वर्षं ऐकून ऐकून तिलाही कळायला लागलं.

मी तुझ्या मागे चार पावलांवर होतो, जगन. मी ऐकलं. माझे कान अजून तिखट आहेत आणि तो आवाज मी लष्करात दोनदा ऐकलेला आहे. फट्ट, बस एवढाच. मला त्याच क्षणी कळलं. "थांब" हा एक शब्द ओरडायचा होता, त्यासाठीच मला तिथे उभं केलं होतं. पण माझ्या शेजारी नितेशसाहेब उभे होते. थांबवलं असतं तर चक्री उघडावी लागली असती, काडतूस दाखवावं लागलं असतं, आणि हवालदार महिपतीने सडका माल आणला हे बाराजणांसमोर निघालं असतं. मनात म्हटलं, गेली असेल बाहेर, गेली असेल. तेवढ्यात तू तिसऱ्यांदा चाप ओढलास.

तुझा अंगठा वळत नाही, तो त्या एका श्वासामुळे.

मला लाज वाटते. हा शब्द लिहायला मला सव्वादोन वर्षं लागली आणि लिहिल्यावर तो फारच लहान दिसतोय. रोह्याच्या बाजारात कुणी "नमस्कार हवालदार" म्हटलं की मी दुसरीकडे बघतो. दसरा दोनदा आला, मी पाटावर काही ठेवलं नाही. विमलला म्हटलं, पाठ दुखते.

शुक्रवारी मी पोलीस ठाण्यात जाऊन माझं रिव्हॉल्वर, लायसन आणि त्या डब्यातली उरलेली काडतुसं जमा केली. लेखी जबाब दिला. त्याची नक्कल सोबत आहे. आता माझ्यावर जे व्हायचं ते होवो, त्याची तू काळजी करायची नाहीस. तू करशील, म्हणून आधीच सांगतोय. सतराला मी अलिबागला तुझ्या आधी पोचलेला असेन आणि वर लिहिलंय ते सगळं, आवाजासकट, साहेबांना तोंडाने सांगेन. तुझ्या वकिलाने मला कितीही फाडलं तरी चालेल. फाडू दे.

आता पुढचं सगुणाला वाचायला दे. तूच मोठ्याने वाचू नकोस, तिच्या हातात दे.

सगुणा,

त्या साली दिवाळीच्या आधी तू एकटी एस.टी.ने रोह्याला आलीस, तिथून वरशाला चालत. पिशवीत माझ्यासाठी सुक्या कोलंबीचे सोडे आणले होतेस. ओटीवर उभी राहिलीस, आत ये म्हटलं तरी आली नाहीस. म्हणालीस, "दादा, माज्याच हातून झालं वाटतं. बोला घातला व्हता मी, पन एकादा दाना गेला असंल. त्यांचा हात गेला, नोकरी गेली. तुमची पन मान खाली गेली साहेबासमोर. मला माफ करा." आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलंस.

मी तुला उठवलं. आणि म्हणालो, "होतं असं, गो. जाऊ दे. मी माफ केलं."

ते सोडे आम्ही खाल्ले.

जगनने मला शिव्या दिल्या तर मी त्या घेईन, त्याचा हक्क आहे. तुला मात्र माझ्याकडून एक गोष्ट परत यायची आहे. सतरा तारखेला तूही अलिबागला ये. साहेब असतील, एजन्सीची माणसं असतील, तुला हसलेले लोक असतील. त्या सगळ्यांसमोर मी तुझ्या पायांशी वाकणार आहे. मी वयाने मोठा आहे, तुला कसंतरी होईल, तुझे हात आपोआप पुढे येतील. ते आवर. मला लवकर उठवू नकोस, आणि "जाऊ दे" म्हणू नकोस.

महिपती

(पुढे नेहमीसारखं "दादा" लिहायला हात धजावला नाही.)