दृष्ट लागण्यासारखा फोटो

५ मे २०२०, मंगळवार
कालच्या नोंदीत चूक आहे. संस्कृती दिवसात तीनदा रडली असं लिहिलंय. ती दोनदाच रडली. तिसऱ्यांदा मी रडले. माहेरी अण्णांनी शिकवलंय, लिहिलेलं खोटं निघालं तर त्याच हाताने दुरुस्त करावं. केलं.
रडण्याचं कारण: अमृत लॉकडाऊन लागल्यापासून पुण्यात कंपनीच्या खोलीवर अडकलेत. इथे तिसगावात सासूबाई, चार वर्षांची संस्कृती आणि मी. काल व्हिडिओ कॉलवर संस्कृतीने बापाला 'काका' म्हटलं. हे हसले. मला ते हसणं बरं वाटलं नाही.
उपाय सापडलाय. रोज घरातल्यांचा एक छान फोटो काढायचा आणि ह्यांना पाठवायचा. फोटो काढताना माझं डोकं शांत राहतं. उद्यापासून पोरीवर ओरडणं बंद.

६ मे
पहिला फोटो. ओट्यावर सासूबाई लसूण सोलताहेत, मांडीवर संस्कृती. फार प्रसन्न. तिला हसवण्यात जेवणाची वेळ टळली. ओरडले नाही. 'हस' एवढंच म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कारण ती लांब होती.
ह्यांचा मेसेज: घर किती शांत दिसतंय. मी लिहिलं, आहेच.

८ मे, संध्याकाळ
फोटो स्टेटसला ठेवला. शेजारच्या बनुबाई भिंतीवरून म्हणाल्या, पोर लई गोड दिसती. सासूबाईंचा चेहराच उतरला. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. कुणालाच ठसका लागला नाही. म्हणजे दृष्ट जबर. ठसका लागेपर्यंत मिरच्या टाकायच्या, असा त्यांचा नियम. वर्षाच्या मसाल्याची लवंगी काढली. मग लागला.
आता रोजच्या फोटोमागे रोज उतरवणार म्हणाल्या. मला हे पटत नाही, पण मोठ्यांचं मन मोडू नये. शिवाय धुरातून येणारं ऊन फोटोत फार सुंदर दिसतं.

११ मे, सोमवार
ह्यांचा प्रवासाचा पास मंजूर! शुक्रवारी येणार. दारातल्या भेटीचा फोटो डोक्यात तयार आहे. पांढरा शर्ट घालायला सांगितलाय. उजेड चुकला तर एकदा बाहेर जाऊन परत आत यावं लागेल, हेही सांगून ठेवलंय. ते काही बोलले नाहीत. नेटवर्क नसेल.
संस्कृतीची तयारी सुरू. ह्यांचा फोटो दाखवून विचारते, हे कोण? काका. पुन्हा विचारते. पुन्हा काका. आत्मविश्वास चांगला आहे पोरीचा.

१३ मे, बुधवार
आजच्या फोटोखाली नेवाशाच्या मावशींनी लिहिलं, दृष्ट लागण्यासारखं कुटुंब. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनीच विचारलं होतं. त्यांनी मूठभर लवंगी टाकली. आम्ही तिघी खोकत अंगणात आलो. भिंतीपलीकडे बनुबाईही खोकल्या आणि त्यांनी गावच्या कोरोना कमिटीला फोन केला.
गावच्या आशा सेविका सत्यशीलाताई फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. खोकला कधीपासून? मी खरं सांगितलं, आठ तारखेपासून रोज संध्याकाळी. घसा खवखवतो? हो. पुण्याहून कोणी? परवा येणार आहेत. सासूबाई मधेच म्हणाल्या, "अगं बाई, मिरच्यांचा खोकला हाय त्यो." सत्यशीलाताई म्हणाल्या, "आजी, समदे असंच म्हनत्यात."
हातावर शिक्के, दारावर पाटी. सत्तावीस तारखेपर्यंत कोणी बाहेर नाही, कोणी आत नाही.
सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. खोटं बोलायला हवं होतं का? नाही. फक्त कमी बोलायला हवं होतं.

१५ मे, शुक्रवार
हे आले. कमिटीने वेशीवरूनच शाळेत नेलं. पुण्याहून आलेल्यांना चौदा दिवस तिथेच. शाळा आमच्या गच्चीवरून दिसते, त्यामुळे भेट झालीच म्हणायची.
संस्कृतीला कडेवर घेऊन गच्चीवर गेले. हे शाळेच्या पटांगणात उभे, पांढरा शर्ट घालून. चेहऱ्यावर लिंबाची सावली पडत होती, म्हणून हातवारे करून उजवीकडे सरकायला सांगितलं. ते सरकले नाहीत. खाली बसले. मग फोन आला.
"रेश्मा, फोन खाली ठेव. पोरीला बघू दे मला."
ठेवला. इतकी लांबची माणसं झूममध्येही नीट येत नाहीत.
संस्कृतीने हात हलवला नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "आई, काका नापास झाले का? शाळेतच ठेवलंय."
सासूबाई मागून म्हणाल्या, आता ह्याचाबी फोटू काढ. मी काढला नाही. काढावासा वाटला, हे मात्र लिहिलं पाहिजे.

१६ मे
ठरलं. ते सुटतील त्या सकाळी फोन बंद करून ज्वारीच्या कोठीत टाकणार. दारात उजेड कसाही असो, कुणाला पुन्हा बाहेर पाठवणार नाही. संस्कृतीला हस म्हणणार नाही, पप्पा म्हण असंही नाही. ती जे म्हणेल ते त्यांनी ऐकायचं आणि मीही. आज फोन चालू ठेवावाच लागेल, शाळेत ह्यांच्या डब्याचं विचारायचंय. त्यामुळे आजपासून नाही.
शुक्रवार, २९ मेपासून.