दोन बाह्यांची पिशवी

सोमवार
पोचले. खोली झकास आहे. मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, दिवसभर ऊन. फोटोग्राफरला याहून वाईट खोली मिळायची नाही. अंधार औषधालाही नाही. न्हाणीघराच्या दारालासुद्धा काच.

बंद पडलेला कौलांचा कारखाना शुक्रवारी पाडणार. त्याआधी त्याचे फोटो काढायचे. दादाशिवाय, माझं एकटीचं हे पहिलं काम. दादा म्हणाला होता, अंधारात तुझी बोटं थरथरतात, आठवड्याच्या आत परत येशील. म्हटलं, पैज.

उजेड न लागता फिल्म भरायची माझी काळी पिशवी प्रवासात फाटली. मावशींनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, या खोलीत आधी राहिलेल्या फोटोग्राफरची आणून दिली. तो बुटांसकट सगळं टाकून गेला, म्हणे. "अंगावरचे कपडे तरी नेले की नाही, कोण जाणे," म्हणाल्या. दोघी हसलो.

मंगळवार
पिशवी चांगली आहे. बाह्यांमधून हात आत घालायचे, इलॅस्टिक घट्ट बसतं, पुढचं सगळं बोटांवर. प्रत्येक सुट्या फिल्मच्या कोपऱ्याला खाच असते. ती उजव्या तर्जनीला लागली की बाजू बरोबर.
एक फिल्म कॅमेऱ्याच्या चौकटीत उलटी भरली. काढून सुलटी करायला गेले, तर खाच जागेवर.
मी केली असेन.

बुधवार
भट्टीचे फोटो मनासारखे झाले. दुपारी फिल्म काढून डब्यात भरताना बोटांना बोटं लागली. माझे दोन्ही हात तेव्हा डब्यावर होते. गार बोटं, वाढलेली नखं. हात बाहेर ओढले. पिशवी सपाट पडली.
दादाला फोन केला. तो हसला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "ये तू घरी. उरलेलं मी उरकतो."
उरलेलं माझं आहे, म्हटलं.
मावशींच्या कपाटात बसून पाहिलं. फटींतून ऊन येतं. पिशवीच वापरायची.

गुरुवार, दुपार
शेवटचे फोटो काढून आले. उद्या कारखाना नसेल. फिल्म पिशवीत सुट्या, डबा उघडा— आणि कालच्या त्या गार बोटांनी, त्याने, डावं मनगट धरलंय.
उजवा हात सोडवला. ती बाही पिळून गुडघ्याखाली दाबली आहे, म्हणून लिहिता येतंय. चेन उघडली तर हात सुटेल, पण उजेड लागून सगळ्या फिल्म जातील. नाही उघडणार.
मावशींना हाक मारली नाही. त्या आल्या की आधी पिशवीच उघडतील.

नंतर
त्याच डाव्या हाताने फिल्म डब्यात सारल्या. तो धरूनच होता. झाकण एका हाताने बसेना— पलीकडून त्याने दाबलं. बसलं.

रिकामी बाही गुडघ्याखाली फुगतेय. आतून—

फुगू दे. डबा बंद आहे. आता उजेडाने माझं काही जात नाही. त्याचं जाईल.
दादा, फिल्म धुऊन घे. बोटं थरथरत नाहीयेत.
चेन दातांत धरली आहे. ये बाहेर, तुझा चेहरा तरी—